आधी नागपूरला ऐकू आलं

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, आजोबांना अजून सर्दी आहे का. तुमच्या बाबाने घाईघाईने विषय बदलला आणि आजोबा पाणी प्यायचं निमित्त करून उठले. मला ते आवडलं नाही. मुलांना अर्धवट काही सांगू नये, असं मी इथे जबलपूरला राइट टाउनच्या शाळेत इंग्रजी शिकवत असताना पालकांना नेहमी सांगत असे. म्हणून सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे.

आजोबांना सर्दी नाही. त्यांच्या घशात आवाज निघतो तिथे, एका स्वरतंतूवर, कॅन्सर सुरू झाला होता. अगदी सुरुवातीचा. तो लेझरने काढला. आता ते बरे आहेत. आवाज मात्र पहिल्यासारखा झालेला नाही, आणि होईलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

ही झाली बातमी. एवढं इंग्रजीत लिहिता आलं असतं आणि तुम्ही ते स्वतःच वाचलं असतं. उरलेलं बाबाकडून वाचून घ्या. उरलेलं असं की आजोबांचा आवाज बिघडतो आहे हे मला कळलं नाही. मी त्याच घरात होते, त्याच टेबलावर जेवत होते. कळलं ते नागपूरला बसलेल्या तुमच्या आत्याआजीला, फोनवर. त्यामुळे आजोबा वेळेवर डॉक्टरकडे पोचले, आणि त्यामुळे मी अजून जळते. जळणं मला इंग्रजीत नीट जमत नाही.

आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. तुम्ही तिला एकदाच भेटलात, तुमच्या हातावर खारीक-बदाम ठेवणारी ती ठेंगणी बाई. या दोघांचे वडील छोट्या लाईनवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवर, जबलपूर आणि गोंदियाच्या मधल्या एका जंगलातल्या स्टेशनावर मास्तर होते. स्टेशन एवढंसं. मास्तरही तेच, तारबाबूही तेच. तेव्हा एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनाला निरोप जायचा तो तारेच्या यंत्रावर कट्ट-कट्ट करून. क्वार्टर यंत्राच्या भिंतीला भिंत लावून होतं. बाकी मुलं पाढे ऐकत मोठी होतात, ही दोघं ती कट्ट-कट्ट ऐकत मोठी झाली. त्यांना कोणी शिकवलं नाही. कानावर पडून पडून आलं. पलीकडच्या स्टेशनावर आज कोणता बाबू बसला आहे, हे नुसत्या ठोक्यावरून आत्याआजी ओळखायची म्हणे, आणि वडील गंमत म्हणून पाहुण्यांसमोर तिची परीक्षा घ्यायचे.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला त्या बाबूंची तोंडं दिसतात. आजोबा पुढे रेल्वेतच लागले, सिग्नल खात्यात. आत्याआजी मॅट्रिक होऊन नागपूरला दिली. पण दोघांचं बोलणं सुटलं नाही. आधी पत्रं, मग ट्रंक कॉल, आणि घरात फोन आल्यापासून रोज संध्याकाळी, देवापाशी दिवा लागला की फोन. आजही लागतो. आज भाजी कोणती मिळाली, पाणी किती वेळ आलं, शेजारच्या मिश्राजींची गाडी कोणी घासली, सगळं सगळं. तिला सांगून झालं की आजोबा आत येतात, पानावर बसतात, आणि मी विचारलं काय हो, काय नवीन, की म्हणतात, "काही नाही." खरंच नसतंच काही. सगळं नागपूरला पोचलेलं असतं. माझ्या वाट्याला "हं" आणि "मीठ दे" येतं.

तर गेल्या हिवाळ्यात, एका संध्याकाळी, आजोबांनी बोलता बोलता फोन माझ्याकडे दिला. ताईला तुझ्याशी बोलायचंय म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण आम्ही दोघी एकमेकींशी दिवाळीला आणि संक्रांतीला बोलतो.

"अगं," ती म्हणाली, "भाऊचा आवाज काहून असा येऊन राहिला?"

मी म्हटलं, थंडी आहे, आपल्या कांचघर मोहल्ल्यात रस्ता खोदलाय, धूळ आहे, सर्दी असेल.

"सर्दी नाही. सर्दीत नाक बोलते. याचा घसा बोलून राहिला."

मी आजोबांकडे पाहिलं. ठणठणीत दिसत होते, मफलर गुंडाळून शेंगदाणे सोलत होते. मी ताईंना म्हटलं की फोनच जुना झालाय, त्यात सगळ्यांचाच आवाज चिरकतो. आणि मी स्वतःचंच म्हणणं खरं मानून दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन आजोबांना नवा फोन आणला. जुन्यातले सगळे नंबर त्यात घातले, बहिणीचा नंबर सगळ्यात वर घातला, कारण नाहीतर आजोबा कुरकुरले असते. संध्याकाळी नव्या फोनवर बोलणं झालं. पुन्हा फोन माझ्या हातात आला.

"फोन नवा आहे ना?" ताईंनी विचारलं. "आवाज तोच आहे."

त्यानंतर रोज तेच. डॉक्टरकडे नेलं का? काहून नाही नेलं? सिगरेट ओढायचा ना तो, विसरली का? ही सिगरेट मी सोडवली होती, तुमच्या बाबाच्या लग्नाच्याही आधी, आणि त्याचं श्रेय मी आजवर कोणाला घेऊ दिलं नव्हतं. ती मला सिगरेटची आठवण करून देते याचा मला इतका राग आला की मी आजोबांना केवळ तिचं तोंड बंद करायला डॉक्टरकडे नेलं. कारण कोणतं का असेना, नेलं हे खरं.

सिविल लाइंसमधले ते कान-नाक-घशाचे डॉक्टर तरुण आहेत, तुमच्या बाबापेक्षा लहान. त्यांनी आजोबांच्या नाकातून बारीकशी दुर्बीण आत घातली आणि समोर पडद्यावर घसा दिसू लागला. दोन पांढऱ्या पट्ट्या असतात, श्वास घेतला की उघडतात, 'ई' म्हटलं की मिटतात. त्यातल्या एकीवर खडबडीत पांढरा डाग होता, भिंतीला पोपडा धरावा तसा. डॉक्टरांनी विचारलं, आवाज कब से बैठा है? मी बोटांवर दिवस मोजू लागले. आजोबांनीच सांगितलं, "दीदी कहती है, महीना भर से ऊपर हो गया."

"अच्छा. दीदी साथ में रहती हैं?"

"नहीं जी, नागपुर में."

"फिर उनको कैसे पता चला?"

"फोन पे."

डॉक्टर हसले, म्हणाले की दीदीला मिठाई पाठवा, अशा डागासाठी लोक इतक्या लवकर येत नाहीत. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षिका होते, न केलेल्या गृहपाठाकडे कसं पाहतात ते मला ठाऊक आहे.

भूल देऊन त्या डागाचा तुकडा काढला, तपासायला पाठवला, आणि शब्द आला. कॅन्सर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की एकाच तंतूवर आहे, तंतू नीट हलतो आहे, पुढे कुठे पसरलेला नाही. दोन रस्ते आहेत, किरणांचा किंवा लेझरचा, आणि याला दोन्ही चालतात. किरणांना आठवडेच्या आठवडे रोज जावं लागतं. लेझरमध्ये तोंडातूनच नळी घालून, सूक्ष्मदर्शकातून बघत, डाग आणि त्याच्या कडेचं थोडंसं जाळून काढतात. बाहेरून कुठे कापत नाहीत. मात्र तंतूचा थर जातो, तेवढा आवाज जातो. किती, ते आधी सांगता येत नाही. आजोबांनी लेझर म्हटलं. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "बोलता येईल ना गं मला?" मी म्हटलं येईल. मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि त्याच वेळी मनात आलं, बोलता येईल, पण कोणाशी? ही भीती मरणाची नव्हती. मरणाला डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं होतं. आवाजातलं जे काही उरेल ते थोडं असेल, मोजून वापरावं लागेल, आणि त्या थोड्यातलं मला काय मिळणार, याची ती भीती होती.

आत्याआजी म्हणाली नागपूरला आण, इथे मोठाले डॉक्टर आहेत, माझ्या घरी राहा. मी म्हटलं इथेही आहेत. एवढं एक मी जिंकले. तिचे गुडघे तिला गाडीत बसू देत नाहीत, त्यामुळे ती येऊ शकली नाही. ऑपरेशन चालू असताना तिचा मला फोन आला. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, "तू जेवली का?" मी जेवले नव्हते आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. तेही नेमकं तिनेच विचारावं.

दुसऱ्या दिवशी आजोबा घरी आले. डॉक्टरांनी काही दिवस मौन सांगितलं. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने तंतूवर उलट जास्त ताण येतो. लोकांना हे माहीत नसतं, तुम्ही ध्यानात ठेवा. मी तयारी करून ठेवली होती. एक पाटी, पेन्सिल, आणि जाड कागदाचे पत्ते, त्यांवर मोठ्या अक्षरात पाणी, चहा, पंखा, दुखतंय, बाथरूम. रंगसुद्धा वेगवेगळे. मला, खरं सांगते, त्या दिवसांची ओढ लागली होती. घरात दोघंच, फोन बंद, आणि त्यांना जे काही म्हणायचं ते माझ्याच पाटीवर लिहून म्हणणार.

संध्याकाळी दिवा लावला आणि फोन वाजला. मी घेतला. ताई, म्हटलं, त्यांना बोलायची मनाई आहे, मी सांगते सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोलू नको म्हणाले ना? ठोकू नको तर नाही म्हणाले? पेन दे त्याच्या हाती आणि फोन टेबलावर ठेव."

मी स्पीकर लावून फोन ठेवला, आणि मला काही समजायच्या आत त्यातून आवाज आला. टक्, खर्र, टक्. नखाने पलीकडून कोणीतरी ठोकत होतं आणि ओरखडत होतं. आजोबा उशीवर सरळ झाले. पेन उचललं, उलटं धरलं, आणि टेबलावर सुरू केलं. आखूड ठोका, लांब ओरखडा, ठोका, ठोका. आधी अडखळत, मग भरभर. पलीकडून उत्तर. इकडून उत्तर. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी ताकाचा पेला धरून उभी होते. त्यांच्या लहानपणीच्या त्या स्टेशनावर मी कधी गेले नाही, तिथे आता पटरीसुद्धा रुंद झाली आहे, पण त्या संध्याकाळी ते स्टेशन माझ्या पलंगावर येऊन बसलं आणि मला प्लॅटफॉर्मवर उभं केलं.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, काय म्हणतायत?

फोनमधून आत्याआजी खुदकन हसली. "काही नाही गं. भोपळा पाणचट झाला म्हणते."

माझा भोपळा. मऊ, बिनतिखटाचा, डॉक्टरांनी सांगितला तसा. माझ्यासाठी पत्त्यावर 'पाणी' आणि 'पंखा', आणि भोपळ्याची तक्रार नागपूरला.

सगळ्यात बोचलं ते हे की ती अक्षरं इंग्रजी होती. तारेची भाषा इंग्रजी अक्षरांचीच. त्या घरात इंग्रजीत एम. ए. मी, आणि त्या इंग्रजीतलं एक अक्षर मला कळत नव्हतं, मॅट्रिक झालेल्या नणंदेला मात्र धाडधाड कळत होतं. मी मोबाईलवर शोधून ती चिन्हं पाठ केली. पाठ करणं मला कधीच अवघड गेलेलं नाही. दुपारी आजोबांसमोर बसले, म्हटलं, आता मला काहीतरी सांगा. हळू सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेन घेतलं. एक ओरखडा. थांबले. एक ठोका. थांबले. मग एक ठोका आणि एक ओरखडा. मी बोटांवर जुळवलं. टी. ई. ए.

एवढा खटाटोप करून मला काय मिळालं, तर चहा. चहाचा पत्ता त्यांच्या उशाशीच होता, पिवळ्या रंगाचा. तरी मी उठले आणि चहा केला, कोमट, आणि तो करताना मला हसू आलं की रडू ते आता आठवत नाही.

मौन सुटायचा दिवस आला. तो डॉक्टरांच्या खोलीत सुटणार होता, म्हणजे पहिला शब्द माझ्यासमोर निघणार होता. याचा हिशोब मी मनात करून ठेवला होता. डॉक्टरांनी आधी रिपोर्ट सांगितला. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, कुठे काही राहिलेलं नव्हतं. मग दुर्बिणीने बघितलं आणि म्हणाले, चलिए, अब कुछ बोलिए. धीरे से.

आजोबा माझ्याकडे वळले. "चल," म्हणाले, "घरी जाऊ."

मला हवं होतं ते मिळालं होतं. आणि मी घाबरले. कारण तो आवाज कोणाचा होता ते मला समजेना. चाळणीतून रवा पडावा तसा, वाऱ्याचाच जास्त. सारा जन्म ज्याच्याबरोबर काढला तो माणूस समोर बसून बोलत होता आणि मी त्याच्या ओठांकडे बघून खात्री करत होते. रिक्षात मी त्यांना पुन्हा पुन्हा काहीबाही विचारत राहिले. सवय व्हावी म्हणून.

संध्याकाळी फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होते, पण भांडी खाली ठेवली. आजोबा स्पीकर लावून म्हणाले, "ताई."

पलीकडे थोडं थांबली असेल, की नसेलच. "हो रे," ती म्हणाली, "तूच आहे. आवाज गेला तुझा, पण बोलायची चाल तीच आहे. आता फार बोलू नको. ठेव." आणि तिने स्वतःच फोन ठेवला.

मी ज्याला ओळखलं नाही त्याला तिने एका शब्दात ओळखलं. मी त्या संध्याकाळी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं, त्यांच्या घशासाठीच.

दुसऱ्या दिवशी आजोबा बागेत गेले असताना मी आपण होऊन नागपूरला फोन लावला. दिवाळी नव्हती, संक्रांत नव्हती. ताई घाबरल्याच. मी म्हटलं, घाबरू नका, ते ठीक आहेत, मला एक विचारायचंय. मी रोज त्यांच्यासमोर असते. मला का नाही ऐकू आलं?

मला वाटलं, आता टोमणा येणार, आणि मी तो झेलायला तयार होते.

"तुला तो दिसते ना," त्या म्हणाल्या. "जेवते, हसते, शेंगा सोलते, ते तू पाहून राहिली. मला काय दिसते? मला इतकी वर्षं नुसता आवाज मिळाला. तू त्याला अख्खा घेऊन बसली, आणि मला आवाजही देऊ नको म्हणते."

मी म्हटलं, मी असं कधी म्हटलं नाही.

"म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ऐकू येते."

ती माझ्यावर जळते, हे मला या वयात, फोनवर कळलं. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. दिवसभर वाटत राहिलं.

आता डॉक्टरांकडे वरचेवर जावं लागतं. दुर्बीण आत जाते, डॉक्टर पाहतात, ठीक आहे म्हणतात. अजून काही वर्षं असंच चालेल. मधल्या काळात त्यांनी एकच काम दिलं आहे. आवाज आहे यापेक्षा बदलला, तर त्याच आठवड्यात या. म्हणजे कोणीतरी ऐकत राहायला हवं. आणि पुढच्या वेळी ते नागपूरला आधी ऐकू यावं, हे मला चालणार नाही.

म्हणून मी एक पद्धत बसवली आहे. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी माझा फोन घेऊन मागच्या ओट्यावर जाते, दार ओढून घेते, आणि घरातल्या घरात आजोबांना फोन लावते. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "अगं, कुठे आहेस तू? बाजारात गेलीस?" मी म्हटलं, मागे. बोला. काय बोलू, म्हणाले. मी म्हटलं, जे ताईंना सांगणार आहात ते. डोळे मिटून ऐकते मी. सुरुवातीला नुसताच रवा पडत होता. आता त्या रव्यात मला त्यांचा 'ळ' ऐकू येतो, श्वास कुठे तुटतो ते समजतं, थकले असले की शेवटचा शब्द बुडतो तो कळतो. आणि मिश्राजींच्या गाडीचंही मला पहिल्यांदाच सविस्तर कळतं आहे.

तुम्हीही एक करा. रविवारी बोलताना थोडा वेळ कॅमेरा बंद ठेवा आणि नुसतं आजोबांना ऐका. ते तुमच्याशी हिंदीत बोलू लागले तर मराठीत बोला म्हणा. तुम्हाला उत्तर देता आलं नाही तरी चालेल.

काल आमचं बोलणं लांबलं. नर्मदेला पाणी किती आहे यावरून निघालं आणि कुठल्या कुठे गेलं. दिवा लावायचा राहिला. मी आत आले तर आजोबांचा फोन पुन्हा वाजत होता, आणि त्यांनी उचलला तेव्हा स्पीकरवर आत्याआजीचा आवाज चढलेला होता.

"केव्हाची लावून राहिली मी. बिझी, बिझी, बिझी. कोणाशी बोलत होता?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "घरीच," ते म्हणाले.

मी काडी ओढली आणि दिवा लावला. पलीकडे ती जराशी थांबली होती, आणि ते थांबणं मला नीट ऐकू आलं.